कुऱ्हाडे सापडत नाहीत

रहाटणी,
सोमवार, १३ जानेवारी २०२५

प्रिय तनुताई,

"आमच्या आडनावातला र जिला न अडखळता लिहिता येतो, ती या घरात टिकते." लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात मला कीबोर्डसमोर बसवून तुम्ही हे म्हणाला होतात. मी 'कुऱ्हाडे' टाइप केलं, तुम्ही पाठीवर थाप मारलीत, आणि मागून निरंजन म्हणाला, "ताई, बायको माझी आहे, परीक्षा तू कसली घेतेस?" आज ते वाक्य दिवसभर डोक्यात घोळतंय, कारण सकाळपासून आमच्या कंपनीत कुऱ्हाडेच सापडत नाहीत.

थट्टा करत नाही. निघोज्याच्या प्लांटला तुम्ही लिहून दिलेला गेटचा प्रोग्रॅम अजून चालू आहे. तुम्ही लिहिला होतात आणि नावं मी भरली होती, याच पुढच्या खोलीत बसून. ठेकेदार रोज सकाळी कामावर येणाऱ्यांची नावं पाठवतो, प्रोग्रॅम ती रजिस्टरशी पडताळतो, नाव जुळलं की माणूस आत. इतकी वर्षं त्याच्याकडे कुणाला वळून पाहावं लागलं नाही. शुक्रवारी सर्व्हर बदलला. नव्या सर्व्हरवर जावाची जुनी आवृत्ती नको म्हणाले, म्हणून जावा बदलली. जावा बदलली म्हणून डेटाबेसचा ड्रायव्हर नवा टाकला. आणि आज काही माणसं गेटबाहेर उभी राहिली. लॉगमध्ये एकही चूक नाही. प्रोग्रॅम अगदी शांतपणे सांगतो, 'नोंद आढळली नाही.'

फोन का केला नाही ते तुम्हाला माहीत आहे. आई तुमचा फोन स्पीकरवर ठेवतात आणि माझं वाक्य पूर्ण व्हायच्या आत "तनू, जेवलीस का" सुरू होतं. शिवाय लिहिताना मला नीट सुचतं.

आईंचा गुडघा जरा बरा आहे. तुमच्यासाठी तिळाच्या वड्या कुरिअरने पाठवल्यात, अर्ध्या त्यांनी स्वतः थापल्या आहेत. ज्या जाड आहेत, त्या त्यांच्या.

तुमची,
निशी

*

नागपूर,
१४ जानेवारी

निशी,

तिळगूळ अजून पोचला नाही, तरी गोड बोलते. तुमच्या सर्व्हरवाल्यांनी तीन गोष्टी एका दिवशी बदलल्या आणि आता कशामुळे बिघडलं ते तू शोधायचं! शाबास.

घाबरू नकोस. ड्रायव्हर म्हणजे दुभाषी. प्रोग्रॅमला जावा येते, डेटाबेसला त्याची त्याची भाषा. दोघं समोरासमोर कधी बोलत नाहीत. दुभाषी बदलला की शब्द तेच राहतात, समजूत बदलते. म्हणून लॉगमध्ये चूक नाही. दोन्ही बाजूंना वाटतंय, आपण बरोबरच बोललो.

आधी एवढं कर. प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये बघ, नव्या ड्रायव्हरच्या शेजारी जुन्याची फाइल तशीच पडली असेल. दोन दुभाषी एका खोलीत असले की कोण आधी बोलेल सांगता येत नाही. जुनी काढ, सर्व्हिस बंद करून चालू कर. मग जोडणीची ओळ, म्हणजे डेटाबेसचा पत्ता लिहिलाय ती, मला पाठव. पासवर्ड खोडून. आणि 'काही माणसं' असं लिहू नकोस. कोणती माणसं? नावं सांग. बिघाडाला नेहमी स्वतःची आवडनिवड असते.

आईला म्हणावं तेल चोळणं पुरे, डॉक्टरकडे जा.

तू गप्प गप्प वाटतेस. की मेलमध्ये सगळेच तसे वाटतात?

तनुजा

*

१६ जानेवारी

ताई,

जुनी फाइल होतीच. काढली. काही फरक पडला नाही. जोडणीची ओळ खाली चिकटवली आहे.

नावांचं तुम्ही बरोबर सांगितलंत. आज सकाळी मी ऑफिसात न बसता गेटवरच उभी राहिले. अर्जुनराव बऱ्हाटे सगळ्यांत पुढे. ओळखलंत ना, आईंच्या माहेरचे, ज्यांच्या शेतात आता आमचा पेंटशॉप आहे. आमचा वॉचमन सनी त्यांना सांगत होता, "काका, स्क्रीनवर तुमी नाय."

"आरं, मी हितं हाय की! हात लावून बघ."

"हात लावून काय करू, सिस्टीम नाय म्हणती."

"तुज्या सिस्टीमला इचार, ती हुबी हाय त्या जाग्याला माझी ज्वारी हुती का न्हवती."

सगळे हसले, मीही. पण सनीला गेट उघडता येईना आणि अर्जुनरावांचं हसू हळूहळू उतरत गेलं. मी सही करून त्यांना आत घेतलं. जाताना म्हणाले, "पोरी, तूबी कुऱ्हाड्याचीच ना? मग तुला कशी आत घेत्यात?" मी म्हटलं, मी नंबराच्या कार्डावर येते, नावावर नाही.

बाहेर राहिलेले कोण, ते आता सांगते. कुऱ्हाडे, बऱ्हाटे, गऱ्हाणे. बाकी सगळं गाव आत. शिंदे आत, पवार आत, चंद्रशेखर चक्रनारायण नावाचा माणूस बिनबोभाट आत. फक्त आपला र बाहेर. आणि गंमत म्हणजे दिवाळीनंतर लागलेला एक कुऱ्हाडे आत जातो. त्याचं नाव मी नव्या कॉम्प्युटरवर भरलं होतं.

मी गप्प नाही. थंडी आहे.

निशी

*

१६ जानेवारी, संध्याकाळी

निशी,

आता मजा आली. तो दिवाळीचा कुऱ्हाडे लाखमोलाचा आहे, त्याला चहा पाज.

तुला आठवतं, आपण तो र कसा काढायचो? र, मग त्याचा पाय मोडायचा, मग मी तुला शिकवलेली ती तीन बोटांची कळ, मग ह. नव्या कीबोर्डवर तसं करावं लागत नाही. आता एक कर. कोरी यादी बनव. तो र असलेले चार-पाच शब्द भर, प्रत्येक शब्द दोनदा: एकदा तीन बोटांनी, एकदा नव्या पद्धतीने. मग शोधून बघ, कोणता कोणाला सापडतो. आडनावंच हवीत असं नाही. सुचतील ते शब्द घे.

थंडी नागपूरलाही आहे. तरी मी बोलते.

तनुजा

*

१७ जानेवारी

ताई,

केलं. शब्द असे घेतले: कुऱ्हाडे, दुसऱ्या, नवऱ्या, वऱ्हाड, बिचाऱ्या.

तीन बोटांनी भरलेला शब्द तीन बोटांनीच शोधला तर सापडतो. नव्याने भरलेला नव्याने शोधला तर सापडतो. आडवंतिडवं केलं की नाही. डोळ्यांना दोन्ही अगदी एकसारखे दिसतात. मी पडदा मोठा करून, चष्मा काढून, चष्मा लावून पाहिलं. ठेकेदाराचा माणूस मोबाइलवर नावं टाइप करतो, म्हणजे नव्या पद्धतीने. आपल्या जुन्या नोंदी तीन बोटांच्या. पण ठेकेदार तर गेली दोन-तीन वर्षं मोबाइलवरच पाठवतोय, आणि गेल्या आठवड्यापर्यंत सगळे सापडत होते. हे मला उलगडत नाही.

आईंनी आज डॉक्टरांकडे यायला होकार दिला. अट एकच, रिक्षाने जायचं, गाडीवर मागे बसणार नाही. मी म्हटलं, धनेशची चारचाकी आहे, तो सोडेल. तर म्हणाल्या, "मग जाऊ की." धनेश म्हणजे भोसरीच्या टूलरूममध्ये आहे तो. मिक्सर दुरुस्त करून दिला होता आमचा.

निशी

*

नागपूर,
१८ जानेवारी

निशी,

सापडला.

त्या तीन बोटांनी एक खूण पडते. ती दिसत नाही, तिला रुंदी नाही, ती जागा घेत नाही. तिचं काम एवढंच की अलीकडच्या र ला पलीकडच्या अक्षराशी नीट जोडून ठेवायचं. नव्या पद्धतीत तिची गरज नाही, त्या र साठी अख्खं वेगळं अक्षरच आहे. म्हणून दोन्ही कुऱ्हाडे दिसायला जुळे, आतून निराळे. जुना ड्रायव्हर जोडणी उघडताना आपण होऊन डेटाबेसला सांगायचा, बाबा रे, तुलना करताना असले फरक धरू नकोस. नवा ड्रायव्हर ते सांगत नाही. सांग म्हटलं तर सांगतो, आपण होऊन नाही. आजकालच्या माणसांसारखा.

खाली एक छोटा तुकडा दिलाय, तो जोडणीच्या ओळीच्या शेवटी लाव. नोंदींना हात लावू नकोस, त्या बरोबरच आहेत. मग सर्व्हिस पुन्हा चालू करायला विसरू नकोस, कारण आधीपासून उघड्या असलेल्या जोडण्या जुन्याच समजुतीवर चालत राहतात.

झालं कंपनीचं काम.

आता माझं. त्या र चे शब्द टाक म्हटलं तर माणूस पायऱ्या टाकेल, दऱ्या टाकेल, सुऱ्या, वाऱ्या, काहीही. तू टाकलेस दुसऱ्या, नवऱ्या, वऱ्हाड. वर आणखी बिचाऱ्या. आणि त्याच मेलमध्ये मिक्सरवाला. मी इतकी दुधखुळी नाही, निशी.

कधीपासून? आईला माहीत आहे?

तनुजा

*

रहाटणी,
सोमवार, २० जानेवारी

ताई,

तुकडा लावला, सर्व्हिस चालू केली. आज सकाळी अर्जुनराव बऱ्हाटे आत गेले. सनी म्हणाला, "काका, आज तुमी हाय." ते म्हणाले, "उपकार झालं."

ते शब्द मी मुद्दाम नव्हते टाकले. तुमचा मेल वाचला आणि कान गरम झाले. पायऱ्या आणि दऱ्या मला सुचल्याच नाहीत, हे मात्र खरं.

धनेश मूळ परभणीकडचा. वय माझ्याएवढंच. लग्न केलं नाही. दोन बहिणींची करून दिली आणि मग राहून गेलं, असं तो सांगतो. मोशीला स्वतःचं घर आहे, तळमजल्यावर. आईंच्या मिक्सरच्या निमित्ताने आला आणि मग पंख्याच्या, मग नळाच्या. काही दिवसांनी आमच्या घरात बिघडायला काही उरलं नाही, तरी येत राहिला. गेल्या दिवाळीपासून मी त्याला 'हो' म्हणायचं मनात आणतेय. निरंजनला जाऊन सहा वर्षं झाली, ताई. त्याला विसरले म्हणून हे करतेय असं नाही. धनेशला मी पहिल्याच दिवशी सांगितलं, माझ्या बोलण्यात निरंजन येत राहणार. तो म्हणाला, "येऊ द्या की. ह्या घरात माझ्या आधीचे हायेत ते."

आईंना काल सांगितलं. आम्ही मटार सोलत बसलो होतो. कशी सुरुवात करावी कळेना, म्हणून मी म्हटलं, आई, धनेश कसा वाटतो तुम्हाला?

आई म्हणाल्या, "मला काय आंधळी समजती व्हय? तो यायचा असला की तू केस विंचरती. न्हाईतर दिवसभर त्यो आंबाडा."

मग बराच वेळ शेंगा नुसत्या फोडत होत्या, दाणे टरफलांत पडत होते. शेवटी म्हणाल्या, "कर. म्या तुला न्हाई म्हनायचं म्हंजे देवाला तोंड दाखवाया नको. पन तनूला आधी सांग. तिचा भाव हुता त्यो."

म्हणून सांगतेय. लग्न नोंदणी पद्धतीने, फेब्रुवारीच्या शेवटी. आईंचं काय ते तुम्ही ठरवाल तसं.

तुम्ही कशा आहात, हे विचारायचं धाडस होत नाही.

निशी

*

नागपूर,
६ फेब्रुवारी

निशी,

उशिरा लिहितेय. आईला रोज फोन केला, तू मागे भांडी वाजवताना ऐकू यायचीस, तरी तुला दे म्हटलं नाही. तुलाही कळलं असेल.

तुझा राग आला नाही. खरं सांगते. तुझं वय आहे, तू चांगली आहेस, आणि आमच्या घराने तुला सहा वर्षं जे काही दिलं ते म्हणजे एक गुडघेदुखी सासू. पण तुझा मेल वाचला आणि निरंजन पुन्हा गेला असं वाटलं. तू रहाटणीच्या घरात होतीस तोवर मला आतून वाटायचं, तो कंपनीत गेलाय, येईल. इतक्या लांबून असं वाटू शकतं. तू तिथे होतीस, तुला वाटलं नसेल. हे काही शहाणपणाचं नाही. पण तुला नाही तर कुणाला सांगू.

'आईंचं काय ते तुम्ही ठरवाल तसं.' हे वाक्य मी पुष्कळदा वाचलं. तुला तोंडाने सांगणं जड जात असणार, समजलं मला. म्हणून ठरवलं. तेवीस तारखेला मी पुण्याला येतेय, आईला घेऊन परत जाईन. आईच्या जावयांनी, दिग्विजयनी, मधली खोली रिकामी केली आहे, संडासात धरायला दांडी बसवून घेतली. तू तिची साडी-चोळी, औषधं, चष्मे भरून ठेव. तुझ्या लग्नाला थांबणार नाही, मला ते जमणार नाही. आशीर्वाद आहे.

आणि आई तिथे मोशीला राहील की काय, असं कुणाच्या डोक्यात असेल तर विचार कर. तू सून होतीस म्हणून ती तुझ्याकडे होती. त्या घरात ती कोण? शेजारीण विचारेल, "या कोण?" तर ती काय सांगेल? उतारवयात माझ्या आईने दारात उभं राहून स्वतःची ओळख शोधत बसायची का?

आडनाव बदलणार आहेस?

तनुजा

*

रहाटणी,
रविवार, ९ फेब्रुवारी

ताई,

आधी सोपं उत्तर. कंपनीत कुऱ्हाडेच राहणार आहे. एवढ्या कष्टाने शोधून दिलंत, आता कुठे बदलू.

मी ते वाक्य वाईट लिहिलं. 'तुम्ही ठरवाल तसं' यात मला म्हणायचं होतं की आई तुमच्या आहेत, तुमचा शब्द आधी. तुम्ही त्यात वाचलंत की मला त्या जड झाल्यात. तुम्हाला दोष देत नाही. असं वाक्य कुणी मला पाठवलं असतं तर मीही तेच वाचलं असतं. मनात एक होतं आणि भिडेपोटी मी ते लिहिलंच नाही. आज लिहिते.

तुम्ही म्हणालात, मला तसं वाटलं नसेल. वाटायचं. निरंजनचा डबा मी वर्षभर घासून पालथा घालत होते. एक दिवस आईंनी त्यात मेथीदाणे भरले आणि म्हणाल्या, "रिकामं भांडं घरात ठिवू न्हाई." हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. सांगायला हवं होतं. तुम्ही तिकडे एकट्याच त्याची वाट पाहत होतात, हे मला माहीत नव्हतं.

आता शेजारणीचं. परवा आम्ही मोशीचं घर पाहायला गेलो. आईंना पायरी चढायला लागू नये म्हणून धनेशने दाराशी उतार करून घेतलाय, सिमेंट अजून ओलं होतं. शेजारच्या बाई आल्याच. आईंकडे बघून म्हणाल्या, "या धनेशभाऊंच्या आई का?"

आई म्हणाल्या, "न्हाई बया, मी हिची सासू."

"म्हणजे धनेशभाऊंच्या आईच ना?"

"न्हाई म्हन्ते ना. ही माजी सून. त्यो हिचा नवरा हुनार हाय. माजा ल्योक देवाघरी गेला."

बाई जरा वेळ तिघांकडे आळीपाळीने पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं. पाणी इथं दुपारी येतं, पिंप भरून ठेवत जा." आणि गेल्या. आई परतीच्या वाटेवर गाडीत हसत होत्या. म्हणाल्या, "त्या बाईला काय बी कळलं न्हाई, पन पान्याचं मातर बरं सांगितलं."

त्या कोण, हे सांगायला त्यांना तीन वाक्यं लागली. एका शब्दात बसेल असं नातं ते नाहीच. पण त्या अडखळल्या नाहीत, ताई. मी समोर होते म्हणून सांगते.

तुमचा मेल मी त्यांना वाचून दाखवला, निरंजनचं सोडून. ते तुमचं माझं आहे. त्यांना विचारलं, तुम्हाला काय वाटतं? त्यांनी पदर तोंडाला लावला. म्हणाल्या, "तनूनं बोलावलं तर मी जानार. पोटची पोर बोलावती आन् न्हाई कसं म्हनू? तिला वाईट वाटंल." पुन्हा विचारलं, पण तुम्हाला काय हवंय? तर उठून आत गेल्या आणि कणिक मळायला बसल्या. संध्याकाळच्या पोळ्या झालेल्या होत्या.

त्या तुम्हाला नाही म्हणणार नाहीत. तुमच्याबरोबर येतील, नागपूरच्या मधल्या खोलीत बसतील आणि सगळं छान आहे म्हणतील. तुम्ही त्यांना चांगलंच ठेवाल, याबद्दल माझ्या मनात तिळाएवढी शंका नाही. तुमचा हक्क माझ्याआधी आहे, आणि मी त्या घराशी ज्या गाठीने बांधलेली होते तीही आता महिनाअखेरीला सुटतेय. कुणालाही विचारलं तरी तो तुमच्याच बाजूने सांगेल. मीसुद्धा दुसऱ्या कुणाच्या बाबतीत तुमच्याच बाजूने सांगितलं असतं.

धनेश म्हणाला, अर्धं अर्धं मागून बघ, सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे. मी आईंना तसं सुचवलं तर म्हणाल्या, "सा म्हयने हितं, सा म्हयने तितं! मी काय ऊसतोडीचा बैल हाय का?" तेव्हा अर्धं मागण्यात अर्थ नाही.

सामान मी भरलेलं नाही. तुम्ही तेवीसला आलात आणि नेते म्हणालात तर एका तासात भरून देईन, तोंडातून शब्द काढणार नाही, स्टेशनवर सोडायला येईन. तुम्ही काय म्हणणार ते मला ठाऊक आहे. तुमच्या जागी मी असते तर मीही आईला नेलंच असतं. तरीही मागते, आणि पूर्ण मागते. आईंना माझ्याकडे राहू द्या.

तुमची,
निशी